वछेऱ्याचा पाय सुजलाय, डाग द्यावा का?

दीड वर्षाच्या वछेऱ्याचा, म्हणजे घोड्याच्या पिल्लाचा, पुढचा पाय कुंपणाच्या तारेत अडकला, गुडघ्याखाली सूज आहे, थोडा लंगडतो, गावातले जाणते डाग द्यायला सांगतात आणि किती दिवसांत बरा होईल, असं तुम्ही विचारलंय.

डाग देऊ नका. तापलेली सळई टेकवली की कातडी जळते, नवी सूज चढते आणि मालक नाइलाजाने दोन-तीन महिने जनावराला काम लावत नाही. पाय बरा होतो तो त्या विश्रांतीने, नाव मात्र सळईचं होतं. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने १९८३ साली हे तपासून मांडलं: डाग दिल्याने शीर (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, रक्तवाहिनी नव्हे) जास्त चांगली जुळत नाही, कातडी तेवढी कमजोर होते. तरी आपल्याकडे प्रत्येक बाजारात डागलेल्या नळ्या (गुडघ्याखालचं लांब हाड) दिसतात, आणि मला त्याचा संताप येतो.

आमच्या भागातलाच एक वछेरा घ्या. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारात विकायचा म्हणून दोन वर्षांचा व्हायच्या आत त्याला डांबरी रस्त्यावर रेवाल या झपाट्याच्या चालीला लावला, वर हरभऱ्याचा मारा. नळीच्या आतल्या बाजूला बोराएवढी गाठ आली, दाबली की पाय झटकायचा. या वयात मोठ्या नळीला आतली बारीक हाडी अजून घट्ट जुळलेली नसते. कडक जमिनीवरच्या आदळआपटीने मधला बंध ताणतो आणि तिथे हाड धरतं. चार ते सहा आठवडे बांधून ठेवला असता तर लंगडणं गेलं असतं, गाठ राहिली असती, पण ती कामाला आड येत नाही. जाणत्यांनी डाग दिला. जखमेत माश्या बसल्या, पू झाला, आणि बाजारात गिऱ्हाइकाने पायावरून हात फिरवताच निम्मा भाव सांगितला. गुडघ्यावरच्या हाडाची वाढीची रेघ दोन-अडीच वर्षांपर्यंत उघडी असते. त्याआधी रस्त्यावर नाचवायचं कशाला?

आता तुमचं. पहिले दोन दिवस शेक नाही, तेल नाही, चोळणं नाही. ऊब दिली की आत रक्त आणखी झिरपतं. रबरी पाइपने गार पाणी १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार वेळा. मग पाय कोरडा करून बोटभर जाड कापसाची गादी गुडघ्याखालून खुराच्या वरच्या सांध्याखालपर्यंत गुंडाळा आणि तिच्यावर क्रेप बँडेज, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर. वरच्या कडेत एक बोट सहज शिरलं पाहिजे. गादीशिवाय नुसतं क्रेप आवळलं तर मागच्या शिरेला काच बसतो आणि नवंच दुखणं उभं राहतं. पट्टी १२ तासांनी सोडून पुन्हा बांधा. दुसऱ्या पुढच्या पायालाही बांधा, सगळा भार त्याच्यावर जातोय. दाणा बंद, सुका चारा आणि पाणी. मोकळं सोडू नका. ‘फिरवला की सूज उतरते’ म्हणणाऱ्याला डॉक्टर येईपर्यंत लांब ठेवा.

दुखण्याचं औषध डॉक्टरनेच वजन पाहून द्यावं. दोन वेदनाशामकं एकत्र दिली तर कोवळ्या जनावराच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. घरातली डायक्लोफेनॅकची गोळी तर नाहीच. गिधाडं मेली म्हणून २००६ पासून जनावरांसाठी तिच्यावर बंदी आहे. शिवाय दुखणं दबलं की वछेरा उड्या मारतो आणि अर्धी तुटलेली शीर पुरती तुटते.

दिवसांचं म्हणाल तर नुसता मुका मार एक-दोन आठवड्यांत उतरतो. शीर दुखावली असेल तर नऊ महिने ते वर्ष धरा. हे हाताला कळत नाही, आठवड्याभराने सोनोग्राफी करा. परळ, शिरवळ, उदगीर, परभणी, नागपूर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

एक राहिलं, खरं तर आधीच लिहायला हवं होतं. तारेने कातडी फाटली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन आजच. घोड्याला तो फार लवकर धरतो. जखम सांध्याजवळ असेल, तीतून पिवळसर चिकट पाणी येत असेल, पाय टेकतच नसेल किंवा ताप १०२ फॅरनहाइटच्या वर असेल, तर पट्टी-पाणी करत बसू नका, रात्र असली तरी गाडी काढा; सांध्यात पू झाला की तासांचा हिशेब असतो. आणि काही आठवड्यांचं शिंगरू असेल तर मार लागला नसतानाही सांधा सुजू शकतो. तिथे बेंबी तपासा, संसर्ग अनेकदा तिथूनच शिरलेला असतो.