घाट चढताना गाडी ओढत नाही : दोष टर्बोचाच का?

प्रश्न : माझी २०११ सालची टर्बो डिझेल हॅचबॅक आजवर सुमारे एक लाख चाळीस हजार किलोमीटर चालली आहे. अलीकडे रत्नागिरीहून परतताना आंबा घाटात ती तिसऱ्या गिअरमध्ये ओढेनाशी झाली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की बॉनेटखालून ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो आणि मागून काळा धूर निघतो. सपाट रस्त्यावर सावकाश चालवताना काही जाणवत नाही, सकाळी गाडी पहिल्या सेल्फला सुरू होते आणि इंजिन ऑइलही कमी होत नाही. एका गॅरेजमध्ये स्कॅनरवर पी ०२९९ हा कोड दाखवून टर्बो बदलायला सांगितले, दुसरीकडे इंजेक्टर उतरवू म्हणाले. दोन्ही खर्च मोठे आहेत. आधी काय करावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : आपण लक्षणे नेमकी टिपली आहेत आणि निदानाचे बरेचसे काम त्यातच झाले आहे. टर्बोला (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) किंवा इंजेक्टरला (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) हात लावू देण्यापूर्वी टर्बोपासून इंजिनापर्यंत हवा नेणारा मार्ग, म्हणजे रबरी होज, त्यांच्या क्लिपा आणि ती हवा थंड करणारा इंटरकूलर, दाब देऊन तपासून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

असे म्हणण्याचे कारण काळ्या धुरात आहे. डिझेल पुरेसे आणि हवा अपुरी असली म्हणजे डिझेल अर्धवट जळून काळा धूर होतो. डिझेल फिल्टर तुंबला असता किंवा पंप कमजोर झाला असता, तर गाडीची ताकद गेली असती, पण धूर वाढला नसता. इंजेक्टर गळत असता तर सकाळी सुरू होताना त्रास, उभ्या गाडीत थरथर किंवा खडखड यांपैकी काहीतरी आपल्याला जाणवलेच असते. अशा बहुतेक गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर एअर फिल्टरपाशी, टर्बोच्या आधी बसवलेला असतो. टर्बोनंतरची होज फाटली की मोजलेली हवा वाटेतच निसटते, पण इंजिनाचा कॉम्प्युटर मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबानेच डिझेल सोडत राहतो. ताकद जाणे, धूर आणि दाब वाढल्यावरच येणारा आवाज ही तिन्ही लक्षणे त्यात बसतात. पी ०२९९ या कोडचा अर्थ एवढाच की, हवेचा दाब अपेक्षेपेक्षा कमी भरतो. तो का भरत नाही, हे तो कोड सांगत नाही, आणि केवळ त्याच्या आधारावर टर्बो बदलणे मला मुळीच मान्य नाही.

ही होज बंद इंजिनावर नुसती पाहून दोष सापडेलच असे नाही. रबर जुने झाले की चीर बहुधा क्लिपेच्या कडेला किंवा वळणाच्या खालच्या बाजूस पडते. दाब नसताना तिच्या कडा एकमेकींना चिकटून राहतात आणि होज फुगली की उघडतात. बोट फिरवून पाहिल्यास मात्र एक खूण सापडते : होजच्या आत ऑइलचा पातळ थर नेहमीच असतो, पण बाहेरून एखाद्याच ठिकाणी ओलसर ऑइलवर धूळ चिकटून काळा लेप झाला असेल, तर हवा तिथूनच बाहेर पडत असण्याची शक्यता मोठी. खात्रीसाठी टर्बोच्या हवा घेणाऱ्या तोंडाला बूच बसवून, ऑइल टाकण्याचे झाकण उघडे ठेवून, रेग्युलेटर लावलेल्या कॉम्प्रेसरने हवा भरावी. दाब १ बारच्या वर जाऊ देऊ नये. सांध्यांवर आणि इंटरकूलरच्या कडांवर साबणाचे पाणी मारले की बुडबुडे गळती दाखवतात. थोडी हवा इंजिनातूनही निसटते, म्हणून दाब हळूहळू उतरला तर घाबरू नये. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात डिझेल इंजिनांवर हयात घालवलेले मिस्त्री आहेत. ही चाचणी करून मागितली तर त्यांना नवल वाटणार नाही.

तिथे काहीच सापडले नाही, तर जळालेल्या वायूचा थोडा भाग इंजिनात परत सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह पाहावा. तो काजळीने उघडा अडकला तर हा वायू सतत इंजिनात शिरतो आणि धूर व सुस्ती दोन्ही येतात, मात्र ‘सूं’ आवाज येत नाही. तो साफ करून घ्यावा. पत्रा घालून कायमचा बंद करण्याचा सल्ला कोणी दिल्यास मानू नये, कारण त्याने प्रदूषण वाढते आणि नियमही मोडतो. एअर फिल्टर तर आधीच बदलून टाकावा. उसाच्या हंगामातल्या धुळीत तो लवकर भरतो.

स्कॅनरचा खरा उपयोग कोड वाचण्यापेक्षा आकडे पाहण्यात आहे. चावी फिरवून, पण इंजिन सुरू न करता, मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा वाटून देणाऱ्या नळीच्या, दाबाचा आकडा वाचावा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून जास्त उंचीवर असल्याने तो सुमारे ९५० मिलिबार यायला हवा. समुद्रसपाटीवरचा १०१३ नाही म्हणून सेन्सर खराब ठरवू नये. नंतर पन्हाळ्याच्या चढावर, सकाळी रस्ता मोकळा असताना, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या मिनिटाला पंधराशे फेऱ्यांपासून पूर्ण ॲक्सिलरेटर द्यावा आणि शेजारी बसलेल्या मिस्त्रीने अपेक्षित व प्रत्यक्ष दाब एकाच वेळी पाहावेत. गाडी चालवणाऱ्याने पडद्याकडे पाहू नये.

होज, इंटरकूलर, ईजीआर आणि टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा ॲक्च्युएटर निर्दोष निघाले, तरच टर्बो उघडून पाहावा. त्याचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेतो आणि ऑइलच्या थरावर तरंगतो, म्हणून तो आडवा किंचित हलणे स्वाभाविक आहे. पुढे-मागे हलत असेल किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असतील, तर मात्र टर्बो गेला असे समजावे. असे ठरल्यास मिस्त्रीला आधी विचारा की जुना टर्बो का गेला. ऑइल पुरवणारी नळी काजळीने तुंबलेली असेल आणि ती न बदलता नवा टर्बो बसवला, तर तोही थोड्याच दिवसांत जातो. म्हणून नवी नळी, नवे ऑइल व फिल्टर आणि इंटरकूलरमध्ये साचलेल्या ऑइलची सफाई ही कामे टर्बोच्या दरातच लेखी मागून घ्यावीत.