व्हेंडेटा लिहायचं की फ्यूड?

प्रश्न: नमस्कार. आमच्याकडे दोन टीम लीड्सचं बरीच वर्षं अजिबात पटत नाही, त्यामुळे कामं अडतात. मी मॅनेजरला मेल केला त्यात एकाचं नाव घेऊन लिहिलं की याची दुसऱ्याशी 'पर्सनल व्हेंडेटा' आहे. मला म्हणायचं होतं की दोघांचं हाडवैर आहे, एवढंच. पण तो आता माझ्याशी बोलत नाही, म्हणतो तू माझ्यावर आरोप केलास. डिक्शनरीत तर अर्थ वैर, सूड असाच आहे. फ्यूड लिहिलं असतं तर चाललं असतं का?

उत्तर: त्यातल्या त्यात चाललं असतं, आणि खरं सांगायचं तर तो रागावला यात त्याचं फार काही चुकलं नाही. डिक्शनरी अर्थ बरोबर सांगते पण शब्द कोणाची बाजू घेतो ते सांगत नाही ना. फ्यूडला दोन पार्ट्या लागतात, दोघंही भांडणार, दोघंही उट्टं काढणार, आणि सांगणारा तिसरा बाजूला उभा. व्हेंडेटा आजच्या इंग्रजीत बहुतेक वेळा एका बाजूनेच चालतो, एक जण हात धुवून मागे लागलेला आणि दुसरा बिचारा त्याच्या तडाख्यात सापडलेला. म्हणून फ्यूडबरोबर 'विथ' नाहीतर 'बिट्वीन' येतं आणि व्हेंडेटाबरोबर 'अगेन्स्ट'. तुम्ही एकाचं नाव घेऊन हा शब्द वापरलात तिथेच निकाल दिल्यासारखं झालं, की हाच सूड उगवतोय, दुसरा निर्दोष.

गंमत म्हणजे मुळात हा शब्दही दोन बाजूंचाच होता. इटालियन शब्द, लॅटिनमधल्या सूडाच्या शब्दावरून आलेला, रिव्हेंज, अव्हेंज, व्हिंडिक्टिव्ह ही सगळी त्याचीच भावंडं (व्हेंडर मात्र नाही हं, तो विकण्याच्या क्रियापदावरून आलाय). इंग्रजीत तो 19व्या शतकात रुळला तेव्हा त्याचा अर्थ अगदी ठराविक होता, कॉर्सिका बेटावर चालणारी खुनाला खून ही प्रथा. घरातलं माणूस मारलं गेलं की मारेकऱ्याला, तो नाही सापडला तर त्याच्या कुळातल्या कोणाला तरी मारायचं हे नातेवाइकांचं कर्तव्यच समजलं जायचं, मग ते कुळ उलटून बदला घेणार, की चाललं पिढ्यानपिढ्या. या मूळ अर्थाला इंग्रजीत आता ब्लड फ्यूड म्हणतात. व्हेंडेटामधून मात्र हळूहळू कुळ गेलं, सुरा गेला, आणि उरलं ते एखाद्यावर डूख धरून त्याच्या मागे लागणं.

कोणाला वाटेल की व्हेंडेटा म्हणजे खुनशी प्रकार आणि फ्यूड म्हणजे साधं भांडण. तसं काही नाही. अमेरिकेतलं सगळ्यात गाजलेलं फ्यूड हॅटफील्ड आणि मॅकॉय या दोन घराण्यांचं, वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकीच्या हद्दीवर टग फोर्क नदीच्या अल्याड-पल्याड राहणारी माणसं. 1878 मध्ये एका डुकराच्या मालकीवरून कोर्टात गेले, 1882 मध्ये निवडणुकीच्या दिवशी मारामारी होऊन एक हॅटफील्ड गेला आणि त्याच्या बदल्यात मॅकॉयांची तीन पोरं बांधून गोळ्या घातल्या, 1890 मध्ये एकाला फाशीही झाली. वंशजांनी समेटाच्या कागदावर सह्या केल्या त्या थेट 2003 मध्ये! इतकं रक्त सांडूनही शब्द फ्यूडच, कारण दोन्हीकडून चालू होतं. आणि जिथे थेंबभर रक्त नाही तिथेही फ्यूडच चालतं. जर्मनीतले डासलर बंधू 1948 मध्ये वेगळे झाले, एकाची पुढे आदिदास झाली दुसऱ्याची प्युमा, कारखाने एकाच गावात आणि गावाचेही दोन तट, त्याला इंग्रजी पेपर आजही फ्यूडच म्हणतात. पेपरवाल्यांचा तर हा लाडका शब्द आहे, चार अक्षरांत हेडलाइनमध्ये बसतो.

आता याच्या शेजारी वायट अर्पची गोष्ट ठेवून बघा. ॲरिझोनातल्या टूमस्टोनमध्ये मार्च 1882 मध्ये त्याचा भाऊ मॉर्गन याला बिलियर्डच्या अड्ड्यात गोळी घातली. अर्प होता डेप्युटी मार्शल, म्हणजे सरकारचा पोलीस अधिकारीच, त्याने माणसं गोळा केली, संशयितांचा पाठलाग केला आणि कोर्टाची वाट न बघता काहींना ठार केलं. याला म्हणतात व्हेंडेटा राइड. छातीवर बिल्ला सरकारचा आणि हिशोब घरचा. मला विचाराल तर आज पेपरात जो 'पोलिटिकल व्हेंडेटा' दिसतो तो नेमका याच अर्थाचा, हातात सत्ता किंवा पद आहे ते वापरून जुना वचपा काढायचा. पण एक बघा, हा शब्द कोण वापरतो? ज्याच्यावर कारवाई झाली तो. करणारा स्वतः कधीच नाही म्हणत की माझा व्हेंडेटा चालू आहे, त्याच्या तोंडी आलाच तर नकारात येतो, माझं काही वैयक्तिक नाही वगैरे. 'मी' लावून बिनधास्त वापरतात ते फक्त चेष्टेत, म्हणजे माझा या प्रिंटरवर व्हेंडेटा चालू आहे असं. फ्यूडचं तसं नाही, आमचं फ्यूड चालू आहे असं लोक राजरोस सांगतात, त्याचं क्रियापदही होतं. व्हेंडेटाचं होत नाही, तो कंडक्ट नाहीतर पर्स्यू करावा लागतो.

मधला शब्द हवा असेल तर ग्रज आहे. तोही एकाच्याच मनातला, पण नुसता मनात, माणूस अढी धरून बसलाय, अजून केलं काही नाही. तरी ऑफिसच्या मेलमध्ये हाही नकोच, दुसऱ्याच्या मनात काय आहे ते आपण कशाला लिहा. फ्यूडसुद्धा जरा भडकच आहे तिथे. दोघांमध्ये 'अनरिझॉल्व्ड कॉन्फ्लिक्ट' आहे म्हणायचं आणि कुठलं काम किती दिवस अडलं ते द्यायचं, मॅनेजरला तेवढंच लागतं. आणि त्या सहकाऱ्याला हे उत्तर दाखवायला हरकत नाही.

प्रश्न: फ्यूडल हा शब्द फ्यूडवरूनच आला का? सरंजामदार सतत लढायचे म्हणून?

उत्तर: पटण्यासारखं आहे पण नाही. भांडणाचं फ्यूड जर्मानिक मुळाचं, फो म्हणजे शत्रू या शब्दाच्या नात्यातलं, फ्रेंचमधून फिरून आलेलं. फ्यूडल हा मध्ययुगीन लॅटिनमधल्या जहागिरीच्या शब्दावरून. स्पेलिंग सारखं झालं हा निव्वळ योगायोग.