स्ट्रेट माणसाने गे मित्रांसोबत ड्रॅग शोला जावं का?

तुम्ही विचारलंय की दोन गे मित्र ड्रॅग शोला (जिथे कलाकार, बहुतेकदा पुरुष, बाईचा वेश आणि भडक मेकअप करून सादरीकरण करतात) चल म्हणून मागे लागलेत, तुम्ही स्वतः स्ट्रेट आहात, तर तिथे अवघडल्यासारखं होईल का आणि लोक काय समजतील.

जा. नक्की जा. मी एका गे मित्रासोबत पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याही डोक्यात हेच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोक तुम्हाला गे समजतील का? एखादा समजेलही. कुणी जवळ येऊन बोलायला लागलं तर 'मी स्ट्रेट आहे, मित्रांसोबत आलोय' एवढं हसून सांगितलं की विषय मिटतो. पण कुणी विचारलेलं नसताना ते सांगत सुटू नका. माझ्या मित्राला जन्मभर लोक स्ट्रेट धरूनच चालत आलेत. एका संध्याकाळी माझ्याबद्दल उलटा गैरसमज झाला, तर काय बिघडलं?

हा मित्र कामाच्या ठिकाणी बोलताना हात टेबलाखाली ठेवतो. मला ती त्याची सवय वाटायची. त्या रात्री बोलताना त्याचे हात नुसते हवेत नाचत होते. मध्येच त्याने जोडीदाराच्या खांद्यावर डोकं टेकलं. मागे दार वाजलं, तरी कोण आलं ते बघायला मान वळवली नाही. इतक्या वर्षांची ओळख, आणि हे मी पहिल्यांदाच बघत होतो. घरी जाताना मला वाईटही वाटलं, की एरवी माझ्यासमोरसुद्धा तो सावरूनच बसत होता.

शोबद्दल सांगायचं तर, बऱ्याचदा गाणं रेकॉर्ड केलेलं असतं आणि क्वीन, म्हणजे बाईच्या वेशातला कलाकार, त्यावर लिपसिंक करते, नुसते ओठ जुळवते. ऐकायला सोपं वाटतं. आमच्या टेबलापाशी एक क्वीन आली तेव्हा मी नीट पाहिलं. मूळ भुवया गोंदाने चिकटवून, त्यावर मेकअपचा थर देऊन नव्या भुवया पार कपाळावर काढलेल्या. विगच्या कडेला घाम. आणि गायिका जिथे श्वास घेते, बरोबर तिथे हिचीही छाती वर येत होती. ही मेहनत आहे, तासन् तास आरशासमोर बसून केलेली. टिप ठेवा. नोट हातात धरा, ती येऊन घेईल. अंगाला किंवा विगला हात लावायचा नाही.

निवेदन करणारी क्वीन प्रेक्षकांची फिरकी घेते, ते तर त्या कलेचंच अंग आहे. नको असेल तर पुढे बसू नका. वेशात असताना बहुतेक क्वीन्सना 'ती' म्हणतात, खरं नाव विचारत नाहीत. ड्रॅग म्हणजे ट्रान्स असणं, असा घोळ मात्र घालू नका. ड्रॅग हे सादरीकरण आहे, ट्रान्स असणं (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा स्वतःची लिंग-ओळख वेगळी असणं) ही माणसाची ओळख. काही ट्रान्स कलाकारही ड्रॅग करतात, आणि पुरुषी वेश घेणारे ड्रॅग किंगही असतात.

आपण तिथे पाहुणे आहोत, हे विसरायचं नाही. 2012 साली अमेरिकेतल्या वेस्ट हॉलिवूडमधल्या 'द ॲबी' या गे बारने लग्नाआधीच्या बॅचलरेट पार्ट्यांना बंदी घातली होती. ज्यांना स्वतःला लग्नाचा हक्क नव्हता, त्यांच्याच जागेत येऊन लोक लग्न साजरं करत होते. मला तो राग पटतो. या जागा कुणी सहज दिलेल्या नाहीत. विल्यम डॉर्सी स्वॉन हा गुलामगिरीत जन्मलेला माणूस वॉशिंग्टनमध्ये पुरुषांनी बायकांचे वेश घालून यायच्या मेजवान्या भरवायचा आणि स्वतःला ड्रॅगची राणी म्हणवायचा. 1888 मध्ये पोलिसांनी तिथे धाड घातली, अटका केल्या. 1896 मध्ये त्याला दहा महिन्यांची शिक्षा झाली. त्याने थेट राष्ट्राध्यक्षांकडे माफीचा अर्ज केला, तोही फेटाळला गेला.

म्हणून फोटोचं फार जपा. क्वीनला विचारून तिचा काढा, बहुतेक जणी आनंदाने उभ्या राहतात. पण मागच्या टेबलावरचे चेहरे त्यात येऊ देऊ नका. त्यातल्या कुणाच्या घरी अजून काहीच माहीत नसेल, आणि तुमच्या एका पोस्टवरून ते कळेल.

आणि निघण्याआधी तुमच्या दोघा मित्रांना एवढं विचारून ठेवा, की त्यांच्या घरी, ऑफिसात कुणाला काय माहीत आहे. मी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी 'काल कुठे होतात रे सगळे?' असं कुणीतरी सहज विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी 'जेवायला गेलो होतो' म्हणालो. त्याचे हात तेव्हा पुन्हा टेबलाखाली होते.