आकडा एकटा सोडू नका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्कॉटलंडमधल्या सतराव्या शतकातल्या चर्चच्या नोंदी आणि चेटकिणींचे खटले यांवर प्रबंध झाला, आता तो सर्वसामान्य वाचकांसाठी ऑनलाइन मांडायचाय, इंग्रजीत आणि मराठीतही, पण सोपं करताना चुकीचं होईल अशी धास्ती वाटते. धास्ती रास्तच आहे. माझा अनुभव असा की लोकांना अवघड काही वाचायला लागलं म्हणून बिघडत नाही. बिघडतं ते आकडा एकटाच पुढे निघून गेला आणि त्याच्या अटी मागे राहिल्या की.

तुमच्याच विषयातलं उदाहरण घ्या. एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये चेटूक-खटल्यांचा डेटाबेस सगळ्यांसाठी खुला केला. कायद्याने चेटूक गुन्हा होता तो १५६३ ते १७३६ पर्यंतचा काळ, आणि त्यात आरोप झालेली ३,८३७ माणसं. पण शिक्षा काय झाली हे कळतं फक्त ३०५ जणांबाबत: २०५ जणांना मृत्युदंड, ५२ निर्दोष, २७ हद्दपार, उरलेले किरकोळ प्रकार. मृत्युदंडाचं हेच प्रमाण सगळ्या आरोपींना लावलं की मारलेले साधारण २,५०० येतात. हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे, आणि संशोधकांनी तसं सांगितलेलंही आहे. पुढे ८ मार्च २०२२ला स्कॉटलंडच्या तेव्हाच्या सरकारप्रमुख निकोला स्टर्जन यांनी सरकारतर्फे माफी मागितली, विषय जगभर गाजला, आणि ‘अडीच हजार बायकांना जिवंत जाळलं’ हे वाक्य तुम्हीही कुठेतरी वाचलं असेल. एका ओळीत तीन घोळ! आकडा अंदाजाचा, आरोपींत बायका सुमारे ८४ टक्के, म्हणजे पुरुषही होते, आणि बहुतेकींना आधी गळा आवळून मारत, मग देह जाळत. क्रौर्य कमी होत नाही, पण इतिहास वेगळा होतो.

म्हणून अट त्याच वाक्यात लिहा. तळटीप कुणी कॉपी करत नाही, वाक्य करतात.

दुसरा सापळा तारखांचा, त्यात मी स्वतः पडलोय. नॉर्थ बेरिकच्या खटल्यांतली अ‍ॅग्नेस सॅम्पसन, औषधपाणी करणारी बाई. तिचा जबाब डिसेंबर १५९०चा, आणि जुन्या नोंदींप्रमाणे तिचा खटला जानेवारी १५९०चा. मी जसंच्या तसं टाकलं. चार दिवसांत एकाने विचारलं, ‘खटला आधी नि जबाब नंतर, हे कसं?’ उत्तर असं की त्या काळी स्कॉटलंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागत असे. १ जानेवारीला लागायला लागलं १६०० पासून. म्हणजे तो जानेवारी आपल्या हिशोबाने १५९१. तेव्हापासून मी दोन्ही सालं लिहितो. तुमचा काळ १६०० नंतरचा, पण मागचा संदर्भ देताना हे आडवं येईलच. (इंग्लंडने हा बदल १७५२ला केला, त्यामुळे तिकडची पत्रं जोडून वाचत असाल तर डोकं शांत ठेवा.)

मांडणी गावापासून सुरू करा. प्रबंधाची प्रकरणं तशीच चढवली तर प्रस्तावनेच्या पुढे कुणी जात नाही. डेटाबेसमधली गावं २०१९ मध्ये नकाशावर आली, तेव्हा लोक आपापलं गाव शोधत आत शिरले. तुम्हीही एकच पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग, निवडा, तिथल्या सेशनच्या, म्हणजे चर्चच्या पंचायतीच्या, वहीतलं एकच पान घ्या. रविवारी जाळं टाकलं म्हणून बोलावलेला कोळी, लग्नाआधी गरोदर राहिली म्हणून भर चर्चमध्ये पश्चात्तापाच्या स्टुलावर बसवलेली मुलगी, दंडाचे पैसे गरिबांच्या पेटीत: अशी पानं चेटकिणींपेक्षा कितीतरी जास्त सापडतात आणि जास्त बोलतातही. मूळ अक्षर, त्याखाली जसंच्या तसं लिप्यंतर, त्याखाली आजच्या भाषेत अर्थ. मोडीचे कागद वाचलेल्याला हे नवं नाही. जुन्या हस्ताक्षरात ‘वाय’सारखं दिसणारं अक्षर पुष्कळदा ‘थ’ असतं, आणि छापखान्यांनी एका जुन्या अक्षराच्या जागी ‘झेड’ वापरल्यामुळे मेंझीस हे आडनाव अजून ‘मिंगिस’ असं उच्चारतात. असं एखादं टिपण मधे टाकलंत की वाचक पुढचं पान उघडतो.

वह्यांचे स्कॅन स्कॉटलंड्सपीपल या सरकारी साइटवर २०२१ पासून फुकट पाहता येतात. मात्र पाहायला मिळतं म्हणून आपल्या पानावर चिकटवता येतं असं नाही. परवानगी विचारा, तोवर नुसता दुवा द्या.

मराठीसाठी यंत्राच्या भरवशावर राहू नका. ‘मिनिस्टर’चा मंत्री होतो, ‘सेशन’चं अधिवेशन, आणि चर्चचे ‘एल्डर’ थेट ज्येष्ठ नागरिक. शब्द आपल्याकडे आधीपासून आहेत: पाळक, वडीलवर्ग. स्कॉटिश मिशनरी १८२३ पासून कोकणात होते, जॉन विल्सन १८२९ला मुंबईत आले. इथल्या चर्चमध्ये हे शब्द चांगले मुरलेत. ओळखीच्या एखाद्या पाळकांना मसुदा वाचायला द्या. ‘सेशन’ मात्र मी सेशनच ठेवेन, पहिल्यांदा येईल तिथे ‘पाळक आणि वडीलवर्गाची पॅरिशमधली पंचायत’ एवढं सांगून.

पहिलं पान झालं की इथे टाका. लिप्यंतर मी डोळ्यांखालून घालतो, विशेषतः ते ‘वाय’.