लॅपटॉप तापतो, बिल्ड संपत नाही

प्रश्न : ताई, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, नागपुरात मानेवाड्यात खोली घेऊन राहतो. मेसच्या डब्यांचा हिशेब ठेवणारं अ‍ॅप अँड्रॉइड स्टुडिओ या सॉफ्टवेअरात, कोटलिन भाषेत करतोय. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क आहे. एम्युलेटर, म्हणजे स्क्रीनवरचा नकली फोन, लावला की सगळं गोठतं. एका व्हिडिओत सांगितलं म्हणून ग्रेडलला, म्हणजे कोडमधून अ‍ॅप बांधणाऱ्या साधनाला, ६ जीबी मेमरी दिली, तर आणखीच हळू झालं. मित्र म्हणतात, स्टुडिओ सोड, साध्या एडिटरमध्ये लिही. काय करू?

उत्तर : सर्वात आधी ते ६ जीबी मागे घे. ८ जीबीतले ६ ग्रेडलला दिलेस, तर विंडोज आणि स्टुडिओ राहणार कुठे? मग रॅमचं काम डिस्कवर जातं, आणि तुझी डिस्क तर आधीच दमलेली. ग्रेडल प्रॉपर्टीजच्या फाइलमध्ये पुन्हा २ जीबी कर. नव्या प्रोजेक्टला स्टुडिओ तेवढीच देतो.

एडिटर बदलून बिल्डचा, म्हणजे अ‍ॅप बांधण्याचा, वेळ वाचणार नाही. अ‍ॅप बांधतो तो ग्रेडल, आणि तो साध्या एडिटरमागेही तसाच चालतो. रॅम थोडी सुटेल, पण चूक लिहितानाच दाखवणं, एका नावाचा बदल सगळीकडे करणं, अ‍ॅप चालताना नोंदी दाखवणारं लॉगकॅट हे सगळं हातचं जाईल. मी एक्लिप्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर शिकले. डिसेंबर २०१४ मध्ये स्टुडिओची १.० आवृत्ती आली, त्यानंतर इकडे वळले, तेव्हा माझ्याकडे ४ जीबीचा लॅपटॉप होता. तुझी तगमग मला चांगली कळते.

सोडायचा तो एम्युलेटर. तो म्हणजे तुझ्याच रॅममध्ये चालणारा दुसरा आख्खा फोन. स्वतःचा फोन जोड : सेटिंगमधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मार, डेव्हलपर ऑप्शन्स उघडतील, त्यात यूएसबी डिबगिंग सुरू कर. फोन दिसलाच नाही तर आधी केबल बदलून बघ, काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात.

माझं पहिलं अ‍ॅप महालातल्या मामांच्या किराणा दुकानातल्या उधारीचं. एम्युलेटरवर देखणं दिसायचं. मामांच्या छोट्या फोनवर कीबोर्ड वर आला की रकमेचा रकानाच झाकला जायचा. ते मला दुकानात उभं राहिल्यावर समजलं.

पैसे जमले की आधी एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कहून वेगवान डिस्क, घे. बिल्डमध्ये हजारो बारीक फाइली वाचाव्या-लिहाव्या लागतात, तिथे हार्ड डिस्क अडते. रॅम त्यानंतर. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. लॅपटॉप गादीवर नको, टेबलावर ठेव. कूलरच्या थेट झोतातही नको, ती हवा ओलसर असते. मोठी बिल्ड पहाटे लावून टाक.

डब्यांचा हिशेब जमला की मेसवाल्या काकूंच्याच फोनवर टाक, आणि महिन्याचा आकडा त्यांना स्वतःला भरू दे.