“हा तर तिचा स्वभावच आहे, थेरपीने काय होणार?”

‘स्वभावाला औषध नसतं’ हे वाक्य मी थेरपिस्ट म्हणून रुग्णांच्या आईवडिलांकडून, नवरा-बायकोकडून, भावाबहिणींकडून सतत ऐकते. घरातल्या कुणाचं तरी निदान ‘व्यक्तिमत्त्व विकार’ असं झालेलं असतं, म्हणजे विचार करण्याची, भावनांची आणि नात्यांत वागण्याची घट्ट बसलेली पद्धतच त्रासाची झालेली असते. मग पुढचा प्रश्न ठरलेला: नैराश्य असतं तर गोळ्यांनी उतरलं असतं, इथे माणूसच असा आहे, नुसतं बोलून काय फरक पडणार? हा प्रश्न थकव्यातून येतो, आणि वर्षानुवर्षं ओढाताण सोसलेल्या माणसाला तो विचारायचा पूर्ण हक्क आहे. एका केसच्या आधाराने त्याचं उत्तर देते. ओळख पटू नये म्हणून नाव आणि तपशील बदलले आहेत.

रेवा पंचविशीतली. मनोविकारतज्ज्ञांनी बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान करून तिला माझ्याकडे पाठवलं होतं. मैत्रिणीने फोन उचलला नाही की ती आपल्याला कायमची सोडून गेली, अशी तिची खात्रीच व्हायची. मग मेसेजचा भडिमार, मग वाट्टेल ते बोलणं, मग रडून माफी. नोकरी धरायची आणि एखाद्या शब्दावरून सोडून यायची. सहन होईनासं झालं की स्वतःला इजा करायची. घरच्यांना ते नाटक वाटायचं. ती मला म्हणाली, “मॅडम, त्या वेळी आत जे पेटतं ते विझवायला माझ्याकडे दुसरं काहीच नसतं.”

“समुपदेशन वगैरे सगळं करून झालंय,” असं तिची आई म्हणाली. खोदून विचारलं तेव्हा कळलं, दोन ठिकाणी चार-पाच भेटी, लहानपणाबद्दल बोलणं, आणि मग जाणं बंद. म्हणजे या विकारावरचा उपचार अजून सुरूच झाला नव्हता. उपचार कसे करावेत हे ठरवून देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की बॉर्डरलाइनसाठी तीन महिन्यांपेक्षा कमी काळाचे मानसोपचार वापरू नयेत, आणि खास या विकारासाठी म्हणून औषधंही देऊ नयेत. सोबत नैराश्य असेल तर त्याच्या गोळ्या हव्यातच. रेवाच्या त्याच होत्या, आणि त्या मनोविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली चालू राहिल्या.

आम्ही डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे डीबीटीच्या पद्धतीने काम सुरू केलं. भावना आहे तशी मान्य करणं आणि वागणं बदलणं, या दोन्ही गोष्टी ती एकत्र शिकवते. मार्शा लाइनहान यांनी ही पद्धत घडवली आणि तिची पहिली मोठी चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. आठवड्याला एक वैयक्तिक सत्र, भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारा एक गट, आणि अडचणीच्या क्षणी फोन. कामाचा क्रम पक्का असतो: आधी जीव, मग थेरपी मोडू पाहणाऱ्या गोष्टी, मग बाकीचं आयुष्य.

इजा झाली की पुढच्या सत्रात आम्ही तो प्रसंग कडीकडीने उलगडायचो. एकदा कारण होतं सहकाऱ्याचा ‘ठीक’ एवढाच मेसेज. मागे जात गेलो. आदल्या रात्री झोप नाही, दिवसभर पोटात काही नाही, मग तो मेसेज, मग छाती आवळल्यासारखी, मग विचार: ‘मी कुणालाच नको आहे’, मग घर रिकामं, आणि मग इजा. रेवा कागदाकडे बघत राहिली. तिला आजवर वाटत होतं, हे तिच्यावर अचानक कोसळतं. इथे तर सहा कड्या होत्या आणि प्रत्येक कडीपाशी काहीतरी करता येण्यासारखं होतं. छाती आवळली की थंडगार पाण्याने चेहरा भिजवायचा, ही साधी युक्ती तिला आधी हास्यास्पद वाटली होती. पुढे तीच तिच्या सगळ्यात जास्त कामी आली. फोनचा नियमही तिला कठोर वाटला: फोन इजेच्या आधी करायचा. इजेनंतर चोवीस तास वैद्यकीय मदत पूर्ण मिळेल, जीवाला धोका असेल तर मीही असेन, पण एरवी थेरपिस्टशी जास्तीचं बोलणं नाही. आधार मिळवायला जखम लागत नाही, हे त्यातूनच शिकायचं असतं.

काही महिन्यांनी आई आली. “अजून चिडतेच की! दार आपटलं काल.” मी रेवाच्या परवानगीने तिची रोजची नोंदवही समोर ठेवली. इजा जवळजवळ थांबली होती. पूर्वी चार-चार दिवस चालणारा राग आता संध्याकाळपर्यंत ओसरत होता. घरचे मोजत होते राग येतो का; थेरपीत आधी बदलतं ते रागानंतर काय होतं. हा क्रम माहीत नसल्यामुळे, माझ्या मते, कितीतरी कुटुंबं उपचार नेमका लागू पडत असताना बंद करतात.

आईलाही शिकावं लागलं. “त्यात एवढं रडण्यासारखं काय आहे?” याऐवजी “तुला फार लागलंय, दिसतंय मला. पण ओरडलीस तर मी दुसऱ्या खोलीत जाईन.” दोन्ही वाक्यं एकत्र. पहिल्या महिन्यात त्यांना हे नाटकी वाटलं, पण त्यांनी सोडलं नाही.

मी रजेवर जाणार हे सांगितलं, तेव्हा रेवा म्हणाली, “मग मी पुन्हा येतच नाही.” मैत्रिणींशी होतं तेच आता आमच्या दोघींत घडत होतं. आम्ही त्यावरच बोललो: ‘रजा’ आणि ‘सोडून जाणं’ यांत तिचं मन फरक का करत नाही. रजेनंतर ती आली. त्या भेटीची किंमत मला फार वाटते.

एका केसवरून कुणी विश्वास ठेवावा असं मी म्हणणार नाही. स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते समजून घ्यायला शिकवणारी मेंटलायझेशन ही आणखी एक थेरपी आहे. तिच्यावरच्या बेटमन आणि फोनागी या संशोधकांच्या अभ्यासात, उपचार संपल्यानंतरही रुग्णांचा माग ठेवला गेला. २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: ही थेरपी मिळालेल्यांपैकी १३ टक्क्यांमध्येच बॉर्डरलाइनचे निकष उरले होते, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ८७ टक्क्यांमध्ये. अभ्यास छोटा होता, ४१ जणांचा. २००९ मध्ये कॅनडात १८० जणांवर डीबीटीची तुलना नीट आखलेल्या सर्वसाधारण मनोविकार उपचारांशी झाली. वर्षाअखेर दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणून थेरपीच्या नावामागे धावू नका. या विकाराचा अनुभव आहे का, संकटाच्या वेळी काय करायचं ते आधी ठरतं का, निदान वर्षभर साथ मिळेल का, हे विचारा. भीती आणि टाळाटाळ हा गाभा असलेल्या विकारांतही थेरपीचा चांगला उपयोग दिसतो. इतरांचे हक्क आणि नियम सतत तुडवणाऱ्या समाजविघातक व्यक्तिमत्त्वासाठी मात्र पुरावा अजून तोकडा आहे, आणि ते लपवणं मला पटत नाही.

मध्यंतरी आईने विचारलं, “आता बंद करायची का?” रेवाची नोकरी टिकली आहे, इजा थांबली आहे, पण मैत्री अजून जमत नाही. अमेरिकेत झनारिनी या संशोधकांनी बॉर्डरलाइनच्या २९० रुग्णांचा दहा वर्षं मागोवा घेतला, त्यात हेच दिसलं: ९३ टक्क्यांची लक्षणं किमान दोन वर्षं ओसरलेली राहिली, पण काम आणि नाती दोन्ही सावरलेले सुमारे निम्मेच. म्हणून आम्ही बंद केलं नाही. सत्रं पंधरवड्यावर आणली, संकटकाळी काय करायचं आणि थेट रुग्णालयात कधी जायचं तो कागद नव्याने लिहिला, आणि पुढच्या टप्प्याला विषय घेतला: मैत्रिणीने फोन उचलला नाही, तर पहिला तास कसा काढायचा.