पोट्टे जमवायचे कसे?

भाऊ, तालुक्याच्या गावात पोकेमॉन कार्ड खेळणारे आयते मिळत नाहीत, घडवावे लागतात. मेंढीकोट किंवा रमी खेळणाऱ्याला हाताशी धर. पत्ते पिसणं, समोरच्याच्या हातात काय असेल ते ताडणं त्याला येतंच.

पण आधी घरच्यांचं बघ. पत्ते म्हटले की आपल्याकडे जुगारच डोळ्यापुढं येतो. म्हणून पानठेल्यामागे बसू नको. वाचनालयाचा ओटा विचारून घे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे. पैसा लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांग. एखाद्या पोट्ट्याची आई बघायला आली तर तिलाच एक डाव खेळव, अर्धं गाव तिथंच पटतं.

नव्या माणसाला विकत घ्यायला लावू नको. दोन सोपे डेक, म्हणजे खेळायला जुळवलेले पत्त्यांचे संच, तुझ्याकडे तयार ठेव. पूर्ण खेळ ६० पत्त्यांचा आणि ६ प्राइझ कार्डांचा (ही बाजूला उपडी ठेवायची, समोरच्याचा पोकेमॉन पाडला की उचलायची, आपली सगळी आधी उचलली की जिंकलो), पण शिकवताना ३० पत्ते आणि ३ प्राइझ पुरे. डाव लवकर संपतो आणि हरलेलाच 'अजून एक' म्हणतो.

किराणा दुकानातल्या पुडीतली नकली कार्डं घेऊन कोणी आला तर हसू नको. अधिकृत स्पर्धेत ती चालत नाहीत, ओट्यावर चालू दे. अदलाबदलीवर मात्र डोळा ठेव, मोठी पोरं लहानग्यांची चांगली कार्डं उकळतात.

सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीत कोणी येणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून परतलेल्यांना पकड, एखाद्याच्या बॅगेत जुना डेक निघतोच.